टेकडीवरचं गवत

नोव्हेंबरात मालक वासिफसाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की वर्कशॉपला आता दोन सीनियर माणसं परवडत नाहीत. बिल्डर लोक हल्ली इमारतींची मॉडेलं करून घेतच नाहीत, स्क्रीनवर सगळं फिरवून दाखवतात. तेव्हा रोमानियाचं काम संपलं की गुणवंत आणि लॉयड यांच्यातल्या एकाचाच व्हिसा रिन्यू होणार. कोणाचा, ते काम बघून ठरेल. इन्शाल्ला.

गुणवंतची मुलगी आभा बारावीत, बोर्ड तोंडावर. बापाचा व्हिसा गेला की बायको-मुलीचाही जातो, आणि ऐन परीक्षेत पोरीला उचलून पुण्याला कुठे नेणार? लॉयडचीही दोन मुलं शाळेत होती, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं दोघं लॉयडच्याच गाडीतून इंटरनॅशनल सिटीतल्या घरून शारजाच्या हमरियातल्या वर्कशॉपला येत-जात होते.

काम होतं सिगिशोआरा नावाच्या लहानशा गावाचं. शारजातल्या एका प्रदर्शनासाठी अख्खं जुनं गाव एकास दोनशे मापात करायचं. तटबंदी आणि तिच्यावर एकेका कसबाचा बुरूज. शिंप्यांचा, मोच्यांचा, लोहारांचा, दोर वळणाऱ्यांचा. मधोमध घड्याळाचा उंच मनोरा, आणि टेकडीवरच्या शाळेत जाणारी मुलं बर्फात भिजू नयेत म्हणून बांधलेला छपराचा लाकडी जिना. गुणवंतने बुरूज घेतले, लॉयडकडे टेकडी दिली. आपले बुरूज चिरेबंदी झाले पाहिजेत म्हणून गुणवंत जेवणाची सुट्टीसुद्धा घेईना.

टेकडीच्या माथ्यावर चर्च होतं आणि चर्चला लागून दफनभूमी. ड्रॉइंगमध्ये ती स्वच्छ दाखवली होती. लॉयडने विचारलं, थडगी कशाची करू, प्लास्टिकची की कार्डाची? गुणवंतने नाक मुरडलं. सत्तावीस वर्षांत त्याने शेकडो मॉडेलं केली होती. स्विमिंग पूल केले, खजुराची झाडं केली, घसरगुंड्या केल्या. मसण एकदाही केलं नव्हतं. या धंद्यात कोणी करतही नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर कोण थडगी मांडतं? लॉयड म्हणाला, की हे विकायचे फ्लॅट नाहीत. आमच्या वसईत चर्च म्हटलं की शेजारी थडगी असणारच, त्यांच्याशिवाय ते उघडंबोडकं दिसेल. पण गुणवंत पाच वर्षांनी मोठा होता, आणि त्या दिवसांत त्याला लॉयडचं कुठलंच म्हणणं पटेनासं झालं होतं.

"हिरवं गवत टाक आणि चार झाडं लाव," तो म्हणाला. "जबाबदारी माझी."

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तीन दिवस असताना प्रदर्शनवाल्यांकडून हेडविगबाई मॉडेल पाहायला आल्या. त्या मूळच्या त्याच गावच्या, तिथल्या सॅक्सन जर्मन लोकांपैकी, वय सत्तरीच्या पुढे. बुरूज पाहून त्यांचे डोळे भरून आले. एकेका घराशी थांबून त्या इथे कोण राहायचं ते सांगत होत्या, आणि वासिफसाहेब कौतुकाने गुणवंतच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग बाईंचं बोट जिन्यावरून हळूहळू वर चढलं, चर्चला वळसा घालून पलीकडे गेलं आणि गवतावर थांबलं.

"इथे माझी आई आहे," बाई म्हणाल्या.

बाई चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू सांगत राहिल्या, की आमची माणसं आठशे वर्षं त्या गावात राहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ सगळी जर्मनीला निघून गेली. मीही गेले. घरं दुसऱ्यांची झाली. आता आमचं म्हणून तिथे राहिलंय ते एवढंच, आणि तुम्ही त्याची बाग केलीत.

वासिफसाहेबांचा हात गुणवंतच्या पाठीवरून निघाला. "गुणवंत, ये किसने किया?"

"सर, टेकडी लॉयडकडे होती."

शब्द सगळे खरे होते. एकही खोटा शब्द न वापरता माणसाला इतकं खोटं बोलता येतं, हे गुणवंतला पन्नाशी उलटल्यावर कळलं. लॉयडने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग चष्मा चढवला आणि बाईंना विचारलं, "मॅडम, थडग्यांच्या रांगा किती होत्या, आठवतं का?"

दोन दिवस लॉयड त्या टेकडीवर वाकून होता. तांदळाच्या दाण्याएवढी सातशे थडगी, एकही दुसऱ्यासारखं नाही, काही कललेली, काही शेवाळलेली. बाईंच्या आईचं थडगं त्याने बाई बोट ठेवतील तिथेच बसवलं. बाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. गुणवंत लांबूनच बघत होता. आत्ताही तोंड उघडता येईल, असं त्याला दर तासाला वाटत होतं, आणि दर तासाला आभाची परीक्षा आठवत होती.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी निकाल दिला. लॉयडचा हात चांगला आहे, पण ड्रॉइंग नीट न बघणारा माणूस ठेवून काय करू? खलास. गुणवंतने रिन्यूअलच्या कागदावर सही केली. संध्याकाळी लॉयडने नेहमीसारखं त्याला गाडीतून घरी सोडलं. उतरताना लॉयड एवढंच म्हणाला, की आभाला बोर्डासाठी बेस्ट लक सांगा.

दार बायकोनेच, छायाने उघडलं. रिन्यूअल झालं हे त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, तिने तिथल्या तिथे हात जोडले. आतून आभा ओरडली, "थँक गॉड, बाबा!" मग छायाचा चेहरा उतरला.

"मेबल येऊन गेली आत्ता," ती म्हणाली. मेबल म्हणजे लॉयडची बायको. "नुसती रडत होती हो. लॉयडने दुपारीच घरी फोन करून सांगितलंय, ड्रॉइंग बघण्यात माझीच चूक झाली. ती म्हणाली, गुणवंतभाईंना सांगा, वासिफसाहेबांकडे एक शब्द टाका. ते तुमचंच ऐकतात."

गुणवंत बूट काढायला वाकला होता, तो तसाच वाकून राहिला.

"टाकाल ना?" छायाने विचारलं.