राणीचं पांघरूण

मांसाचे तुकडे आत टाकून तौकीरने जाळीचं दार लावलं, कडी ओढून पाहिली आणि तो बाजूला झाला. रानकुत्री जागची हलली नाहीत.

मंजिरीने दुर्बीण डोळ्यांना लावली. बाभळीच्या सावलीत कळपाची म्होरकी राणी पाय पसरून पडली होती. बाकीची तिच्याभोवती, अंगावर काळी-पिवळी ठिगळं, एरवी ताठ असणारे गोल कान पडलेले. एक शिंकला. मग दुसरी. मग राणी, लागोपाठ.

"मॅडम, व्होटिंग शुरू," तौकीर हसत म्हणाला.

हे त्याला तिनेच शिकवलं होतं. शिकारीला निघण्याआधी ही आफ्रिकी रानकुत्री शिंकून कौल देतात, पुरेशा शिंका पडल्या की कळप उठतो. आपल्याकडे कोणी शिंकलं की निघालेला माणूस उंबऱ्यात थांबतो आणि यांचं शिंकेशिवाय पाऊल उचलत नाही, असं सांगून ती येणाऱ्या पाहुण्यांना हसवायची. आज शिंका पडत राहिल्या आणि उठलं कोणीच नाही. राणीच्या नाकाखाली काहीतरी चिकट चमकत होतं. 

आफ्रिकेत या जातीला कुंपणांनी, फासांनी आणि भरधाव गाड्यांनी संपवत आणलं होतं. त्यातून उरतील त्यांना गावकुत्र्यांचे रोग गाठत. डिस्टेंपर शिरला की एकेक नाही, कळपच्या कळप जातो, कारण ही कुत्री एकमेकांच्या तोंडचं खाऊन जगतात. सौदीतल्या राबिघ शहरापासून आत, वाळवंटातल्या या खासगी केंद्रात राणीची पिल्लं वाढत होती आणि आफ्रिकेतला पावसाळा सरला की ती तिथल्या अभयारण्यात सोडायची होती. नाशिकची जनावरांच्या डॉक्टरची चालती प्रॅक्टिस सोडून मंजिरी आली ती त्यासाठीच. यांना चालणारी खास लस बंदरात अडकून पडली होती, आणि घरच्या कुत्र्यांची लस टोचावी तर तीच यांच्या जिवावर उठायची. मग हाती उरली फक्त शिस्त. केंद्रावरच्या कोणी कुत्रं पाळायचं नाही, भटक्यांना हात लावायचा नाही, आणि गेटवरच्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय ये-जा करायची नाही.

राणीला भूल देऊन त्यांनी नाकातला नमुना घेतला. तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. डिस्टेंपरच. 

पंधरवड्यापूर्वी पायाची जखम शिवताना राणी अशीच निपचित पडली होती. पहाटेचा वारा बोचरा होता, म्हणून मंजिरीने अंगातला स्वेटर काढून तिला पांघरला होता. "मेरी अम्मी भी ऐसे ही ओढाती थी," तौकीर तेव्हा म्हणाला होता.

"तौकीर, बाहर के कुत्तों को फिर रोटी डाली?"

त्याचं हसू विरलं. "नहीं मॅडम."

"पिछले साल डाली थी."

"आपने मना किया, उसके बाद नहीं. कसम से."

"फिर बीमारी अंदर कैसे आई? उडके?"

तो राणीच्या कानाशी बसलेली माशी हाकलत राहिला. "मॅडम, इसको मैंने बोतल से पाला है," एवढंच म्हणाला.

मंजिरीने मॅनेजरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोणामुळे? तिने तौकीरकडे पाठ केली आणि त्याचं नाव सांगितलं.

"खलास," मॅनेजर म्हणाला. म्हणजे आजच सामान बांधायचं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, मग विमान. तिला वाईट वाटलं. पण ती चिडलेलीही होती, आणि चिडलेल्या माणसाला फार वाईट वाटून घ्यावं लागत नाही.

संध्याकाळी हर्षवर्धन न्यायला आला. रिफायनरीतलं त्याचं कंत्राट दिवाळीत संपलं होतं. तेव्हापासून नवरा घरी आणि बायको कामावर, असा संसार चालला होता. पहाटे तिला सोडायचं, संध्याकाळी आणायचं, मधला दिवस गाडी त्याच्याकडे.

"काय गं, चेहरा असा का? कुठे माशी शिंकली?"

"नंतर सांगते. थंडी वाजतेय. माझा स्वेटर?"

"मागच्या सीटवर. नेहमीच्या जागी." मग तो घाईने म्हणाला, "थांब. आधी ऐक, रागावू नकोस."

ती गाडीत बसून मागे वळलीही होती. स्वेटर हलला. त्याची दोन बटणं कुरतडलेली होती आणि लोकरीत बारीक पिवळे केस अडकले होते. घडीतून एक थकलेलं तोंड वर आलं, डोळे चिपडलेले.

"पार्किंगमध्ये सापडलं, महिना झाला," हर्षवर्धन म्हणाला. "दिवसभर भिंतींशी किती बोलणार मी? तुझे नियम ठाऊक होते, म्हणून रात्री वॉचमनच्या खोलीत ठेवायचो. दिवसा माझ्याबरोबर गाडीत. तुझ्या स्वेटरशिवाय झोपतच नाही बघ. पण दोन दिवस काही खात नाहीये, म्हटलं डॉक्टरीणबाईंच्या पाया पडावं."

पिल्लू शिंकलं. पुन्हा शिंकलं.

"हे बघ, तुझ्याकडचं मतदान," तो हसायला गेला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "मंजू? काय झालं?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. खाली उतरून गाडीचं दार लावलं. राणीच्या अंगावर तो स्वेटर तिनेच, किती मायेने, मानेपर्यंत ओढला होता. तिने फोन काढला.

मॅनेजरने फोन लगेच उचलला.

"तौकीर नाही," ती म्हणाली. "मी."

 कुंपणाच्या आतून एक शिंक ऐकू आली, मग राणीच्या एका पिल्लाची, बारीक. गेटपाशी बॅग खांद्याला लावून तौकीर बाहेर निघाला होता. जातानाही तो एकेक बूट औषधाच्या पाण्यात नीट बुडवत होता.