तिसऱ्या नंबरचा प्लग

दाजींनी गाडी शेडमध्ये आणली तेव्हा ती तोतऱ्या माणसासारखी अडखळत होती. इंजिन बंद न करताच ते खाली उतरले.

"तूच बघ," ते मिस्त्रीला म्हणाले. "मला एवढंच सांग, त्या दिवशी माझं काय चुकलं?"

त्या दिवशी, म्हणजे महिन्यापूर्वी, मिस्त्रीच्या ताईच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल टेकडीवर. दाजींनी हीच जुनी गाडी काढली आणि नेमकी चढावर गाडीने मान टाकली. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, ताई गेली. तेव्हापासून आई जावयाचं तोंड बघत नव्हती. "माझ्या लेकीला ह्यानंच मारलं, धड गाडी चालवता येत नाही मेल्याला," असं येईल त्याला ऐकवायची. आणि दाजी इतके सरळ, की आता तेही तसंच म्हणायला लागले होते.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनवर एकेका प्लगची वायर काढून बघायला लागला. वायर काढल्यावर इंजिन आणखी थरथरलं तर तो प्लग ठीक. काहीच फरक पडला नाही तर घोटाळा तिथेच. पहिली काढली, इंजिन गचकलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही.

तो प्लग खोलून त्याने उजेडात धरला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर होती. दोन महिन्यांपूर्वी चारही प्लग त्यानेच बदलले होते आणि तिसरा हातातून निसटून फरशीवर पडला होता. पडलेला प्लग बसवायचा नसतो, हे गॅरेजात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण ताईला घाई होती, नवा आणायला बाजारात जावं लागलं असतं, आणि वरून तर काही दिसत नव्हतं. 'चालतंय की,' म्हणत त्याने पुसून बसवला. ह्या 'चालतंय की'ने आजवर किती घरं बुडवली, देव जाणे.

"काय रे?" दाजींनी विचारलं.

मिस्त्रीची जीभ रेटेना. "पेट्रोलमध्ये कचरा होता," तो म्हणाला. दोष कुणाच्याच माथी नको, असं त्याला वाटलं.

दाजी मटकन स्टुलावर बसले. "म्हणजे मीच. आदल्या दिवशी पेट्रोल मीच भरलं. ती म्हणत होती, नेहमीच्या पंपावर भरा. मीच ऐकलं नाही." आणि ते हमसून रडायला लागले.

मिस्त्रीला ते बघवेना. "दाजी, खोटं बोललो मी. हा प्लग माझ्या हातून पडला होता, तसाच बसवला. ही बघा चीर. ताई माझ्यामुळे गेली."

दाजींनी चष्मा वर करून प्लग उलटासुलटा बघितला. मिस्त्रीच्या तेलकट बोटांनी तो काळा झाला होता. त्यांना कसली दिसतेय चीर?

त्यांनी प्लग त्याच्या हातात ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"तिचाच भाऊ शोभतोस," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी असं खोटं बोलू नकोस, बाबा."