खोलगट कोपऱ्यातली वडी

मी ट्रे बोलतोय. आत्ता स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पंख्याखाली, पोटात तीन थर घेऊन निवत बसलोय. घरातली तिघं माझ्याभोवती घिरट्या घालतायत, पण हात लावायची परवानगी कुणालाच नाही. वड्या घट्ट व्हायला अजून वेळ आहे. माझ्या पोटात वड्या राहतात, गोष्ट काही राहत नाही, तेव्हा तोवर ऐकाच.

दिसायला मी काही देखणा नाही. लांबट चौकोनी, अॅल्युमिनियमचा, कडा दुमडलेल्या. पण घराणं विचाराल तर मी मूळचा बसच्या छपराचा पत्रा! माझे भाऊबंद अजून उन्हापावसात रस्तोरस्ती धावत असतील. मी तेवढा कापून उरलो आणि गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलो. तिथून मला उचललं ते मिस्त्रींनी.

मिस्त्री म्हणजे या घराचे धनी. गाड्यांचे पोचे काढणं हा त्यांचा धंदा. कुणी खांबावर गाडी घातली, कुणाला मागून ठोकलं, की गाडी मिस्त्रींच्या दारात. ते आधी डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतात. डोळा फसतो, तळवा फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एका बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा, दुसरीकडून लाकडी हातोडी चालवायची, आणि गाडी अशी होऊन निघते की जणू जन्मात कुणाला धडकलीच नव्हती. वाकडं काही त्यांना बघवतच नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरची तसबीर सरळ करून येतात.

लग्न नवं होतं तेव्हा बायकोने हौसेने ओव्हन आणला आणि त्यात ठेवायला भांडंच नाही हे तिला घरी आल्यावर आठवलं. मिस्त्री हसले, गॅरेजात गेले, आणि संध्याकाळी मला घेऊन आले. इतका सपाट केला होता मला, की त्यांनी माझ्यात पाणी ओतून दाखवलं. चारी कोपऱ्यांत सारखं उभं राहिलं. बायकोने मात्र पाण्याकडे बघितलंच नाही. ती मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हापासून मला वाटतं, आपण चांगल्या घरात पडलो.

ती पोस्टात खिडकीवर बसायची. पुढे लेक झाल्यावर सगळे तिला आईच म्हणू लागले, मिस्त्रीसुद्धा. म्हणून मीही आईच म्हणतो. सुट्टीच्या दिवशी आई थरांच्या वड्या करायची. काय सांगू तुम्हाला ती गडबड! खाली बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून वाटीच्या बुडाने दाबून बसवायचा आणि मला ओव्हनमध्ये सारायचं. तोवर शेगडीवर आटीव दूध, साखर आणि लोणी. ते सारखं ढवळावं लागतं, हात थांबला की बुडाला लागलंच म्हणून समजा. ढवळायचं काम मिस्त्रींचं, कारण दंडात ताकद त्यांच्या. रंग चहासारखा झाला की ते माझ्यात ओतायचं. त्यावर चॉकलेट, त्यावर भाजलेले दाणे. पायऱ्यांवरून येणारा-जाणारा दारापाशी उगाचच रेंगाळायचा आणि काही ना काही निमित्त काढून आत यायचा.

माझ्या आयुष्यातली मोठी घटना घडली ती ठमीमुळे. ठमी ही घरातली लेक. तेव्हा ती असेल चारेक वर्षांची, पायाला नुसती भिंगरी. एकदा आईने मला घासून दाराबाहेरच्या पायरीवर वाळत ठेवलं. अर्धा पायरीवर, अर्धा अधांतरी. ठमीला मी होडी दिसलो. ती माझ्यात चढली आणि दोन्ही पाय जोडून जी उडी मारली, ती थेट अधांतरी कोपऱ्यात! ठमी एकीकडे, मी एकीकडे. तिच्या गुडघ्याला खरचटलं आणि माझ्या बुडाला, टाच पडली होती तिथे, चांगला खोल पोचा आला.

आई ओरडली, मग लेकीचं रडणं बघून तिला जवळ घेऊन बसली. त्याच दिवशी वड्या केल्या, कारण आटीव दुधाचा डबा आधीच उघडलेला. त्या कापल्या तर कोपऱ्यातली एक वडी बाकीच्यांपेक्षा जाड निघाली, खाली चुऱ्याचा भक्कम थर, वर मधला गोड थर दाटलेला. "घे," आई म्हणाली, "ज्याला रडू आलं त्याची ही वडी."

झालं, तो कायदाच ठरला. शाळेत मैत्रिणीशी भांडण झालं, पेपर अवघड गेला, पुढे कुणी मन मोडलं, की ठमीला माझ्या कोपऱ्यातली वडी. वड्या व्हायच्या तेव्हा मिस्त्री ढवळून झालं की गॅरेजात परत जायचे. ते संध्याकाळी येईपर्यंत कोपरा फस्त झालेला असायचा. एकदा पोस्टातला साहेब चारचौघांत टाकून बोलला, तर आईने स्वतःच तो तुकडा काढून घेतला आणि ओट्याशी उभ्याने खाल्ला. खाताना तिचे डोळे भरले, आणि संपेपर्यंत कोरडेही झाले. ते मी इतक्या जवळून पाहिलंय!

मिस्त्रींच्या डोळ्यांत मात्र माझा पोचा सलत होता. जगाचे पोचे काढणारा माणूस आणि त्याच्याच घरात पोचा! ते हातोडी घेऊन आले की आई म्हणायची, "आज नको, आज वड्या करायच्यात." मग म्हणायची, पुढच्या वेळी बघू. खरं कारण तिने कधी सांगितलं नाही, माय-लेकींची ती आपसातली गंमत होती. मिस्त्री बिचारे समजायचे की आपल्यालाच सवड होत नाही.

ठमी मोठी झाली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, तिथेच संसार थाटला. मग एका हिवाळ्यात आई आजारी पडली आणि गेली. ठमी तेव्हा आली, चार दिवस राहिली, पाहुण्यासारखी वावरली आणि परतली. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. त्या काळाबद्दल मी बोलत नाही. कागदात गुंडाळलेल्याला बोलण्यासारखं काय असतं?

आणि मग गेल्या आठवड्यात खडखडाट झाला, कागद फाटला, उजेड आला! मिस्त्री स्टुलावर उभे आणि मी त्यांच्या हातात. ठमीचा फोन आला होता, लेकीला घेऊन दोन दिवस येतेय म्हणून. शिंपीणकाकू, वरच्या मजल्यावरच्या, दारात उभ्या होत्या. मिस्त्री त्यांना सांगत होते की आई गेल्यापासून पोरगी या घरात पाय ठेवायला बिचकते, फोनवर नुसतं ठीक आहे, ठीक आहे म्हणते. घर तिला परकं वाटलं तर हे दोन दिवस शेवटचेच.

"म्हणून वड्या करतोय," मिस्त्री म्हणाले. "ढवळणं मला येतं. बाकीचं तुम्ही सांगा."

माझा आनंद काय वर्णावा! उतावळा नवरा म्हणतात ना, तसं माझं झालं. ओव्हनआधीच मी तापलो. मिस्त्री मला घासून गॅरेजात घेऊन गेले, तेव्हा वाटलं, उन्हात ठेवणार असतील. पण त्यांनी मला पालथं घातलं आणि आत ठोकळा धरला.

"तिचं एवढं एक काम राहून गेलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले.

नको! अहो मिस्त्री, नको! पत्र्याला तोंड नसतं हे त्या दिवशी मला फार जाणवलं. टक, टक, टक. त्यांचा हात इतका सफाईचा की दुखलंसुद्धा नाही. मग त्यांनी डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवला. समाधानाने मान हलवली. पाणी ओतलं, ते चारी कोपऱ्यांत सारखं उभं राहिलं. काल आल्यासारखा मी कोरा करकरीत झालो होतो, आणि माझ्यातली ठमी पार पुसली गेली होती.

वड्यांनी त्यांना नाकी नऊ आणले. बिस्किटं त्यांनी फडक्यात बांधून हातोडीनेच कुटली. चॉकलेट थेट आचेवर ठेवून पहिल्या खेपेला करपवलं, मग शिंपीणकाकूंनी पाण्याच्या भांड्यावर वितळवायला शिकवलं. पण ढवळणं! ते मात्र त्यांनी असं ढवळलं की आई असती तर खुर्ची घेऊन बघत बसली असती. वड्या सुरेख झाल्या. पट्टीने आखल्यासारख्या, सगळ्या एका उंचीच्या.

ठमी आली. सोबत तिची लेक, ठमीच्याच वळणाची, तशीच भिंगरी. ठमी दारात बूट काढताना थबकली. नाकाने वास ओढला. बॅग तिथेच टाकून ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्यावरचं फडकं उचललं. माझ्या छातीत, म्हणजे बुडात, धडधड होत होती. तिने सुरी घेतली, इकडे-तिकडे न बघता कोपऱ्यातली वडी काढली आणि उभी धरून बघितली. मग दुसरा कोपरा काढला, मग तिसरा, मग चौथा. मग सुरी खाली ठेवली.

"बाबा, हा नवा ट्रे आहे?"

"छे, तुझ्या आईचाच," मिस्त्री खुशीत म्हणाले. "पोचा काढला त्याचा. किती वर्षं राहून गेलं होतं."

ठमी चौथ्या, रिकाम्या कोपऱ्यात बोट फिरवत राहिली, हरवलेलं काही चाचपावं तशी. मग खुर्चीत बसली आणि रडली. आई गेली तेव्हा जितकी रडायची राहिली होती तितकी. रडता रडताच तिने बापाला सगळं सांगितलं, होडी, टाच, कोपऱ्याचा कायदा. मिस्त्री ऐकत राहिले. त्यांचा तळवा माझ्या बुडावरून फिरत होता आणि जिथे पोचा होता तिथे बरोबर थांबत होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

ते उठले, मला रिकामं करून धुतलं, हातोडी आणली. हात वर केला आणि तसाच राहिला.

"मला नाही जमायचं," ते म्हणाले. "या हाताने पोचे काढले. पाडला एकही नाही."

ठमीने डोळे पुसले. मला उचलून दाराबाहेर नेलं आणि पायरीवर ठेवलं. अर्धा पायरीवर, अर्धा अधांतरी. लेकीला हाक मारून सांगितलं, ही बघ होडी, मार उडी.

नातीने आजोबांकडे बघितलं. "मोडेल ना?"

मिस्त्रींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. ज्या माणसाला वाकडी तसबीर बघवत नाही, तो म्हणाला, "मोडू दे. जोरात मार."

आणि तिने मारली! काय उडी होती ती! मी किणकिणलो, पायरीवरून घसरलो, पुन्हा जमिनीवर आडवा. नात आजोबांच्या हातांत लोंबकळत खिदळत होती. मिस्त्रींनी मला उचललं, डोळे मिटून तळवा फिरवला. पोचा पूर्वीपेक्षा जरा अलीकडे आलाय. टाच लहान आहे ना, पण खोली झकास आहे.

आज सकाळी पुन्हा वड्या केल्या. या खेपेला चुरा नातीने दाबला, दूध मिस्त्रींनी ढवळलं, चॉकलेट ठमीने ओतलं. ठरलेले दोन दिवस कालच संपले. परतीचं कुणी बोलत नाहीये, मीही विषय काढणार नाही.

थांबा, ठमी सुरी गरम पाण्यात बुडवून आणतेय. पहिला काप माझ्या खोलगट कोपऱ्यात. आहा, जाड, दाटलेली, थेट तशीच! नातीने हात पुढे केलाय. पण ठमीने ती वडी बशीत घालून बापापुढे ठेवली.

"मला?" मिस्त्री म्हणाले. "मला ही कधीच नाही मिळाली."

"तुम्ही कधी रडलातच नाहीत, बाबा."

मिस्त्रींनी वडी उचलली. एक घास घेतला. आणि मग ते रडले, आमच्या सगळ्यांसमोर, तोंडात वडी असताना. नात घाबरून ठमीला बिलगली. ठमीने तिला सांगितलं, काही नाही गं, वडी पोचली त्यांना.

माझं एवढंच मागणं आहे. घरातला एखादा पोचा काढायला हातोडी उचलाल, तेव्हा आधी विचारा, इथे कुणाची टाच पडली होती. चला, आता मला रजा द्या. नातीने उरलेले तीन कोपरे मोजलेत, आणि तिची नजर काही ठीक दिसत नाही.