कंपनीच्या मुलखातला घरजावई

अदाकू माहेरी निघाली होती, म्हणून सुक्या माशांची टोपली तिने स्वतःच्या पायाशी घेतली होती. बाकी होडीत मीठ आणि कापड भरलेलं होतं, ते नवऱ्याचं, पेरेकेमेचं. नेंबेच्या खाडीतून मोठ्या नदीला लागायचं आणि वर जायचं, तिथे अदाकूच्या बापाचं गाव. बाप न्वोकेदी, त्या गावचा मुखिया. त्याला मीठ द्यायचं, त्याच्याकडून पामतेलाची पिंपं घ्यायची आणि समुद्रावरच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना विकायची, हा व्यवहार पेरेकेमेच्या आजापासूनचा. लग्नही त्यातच जमलेलं.

या खेपेला नदीच्या तोंडाशी गोऱ्यांच्या कंपनीचा नाका बसला होता. शिपायांनी होडी काठाला लावायला लावली. दूरच्या फ्रीटाउन बंदरातून आणलेला कारकून छत्री घेऊन पुढे आला.

"परवाना?"

"कसला?" पेरेकेमेने विचारलं.

"व्यापाराचा. परक्यांना लागतो."

पेरेकेमेने मागे वळून पाहिलं, दुसरी कुणाची होडी आली की काय म्हणून. वल्हेकरी हसले.

"परका कोण रे? बोटीतून तू उतरलास. मी याच चिखलात रांगलोय."

"समुद्रापलीकडच्या राणीने कंपनीला सनद दिलीय," कारकून म्हणाला. "नदी कंपनीची. नेंबे तिच्या हद्दीबाहेर. म्हणून तुम्ही परके."

परवान्याचा आकडा ऐकल्यावर हसणं थांबलं. तेवढ्या पैशात नवी होडी आली असती. अदाकू उठून उभी राहिली. "आणि मी? मी न्वोकेदीची मुलगी."

"मग तू कंपनीची रयत. तू जा."

"मी कंपनीची? कधीपासून?"

"तुझ्या बापाने सही केली तेव्हापासून."

पेरेकेमे माघारी फिरला. अदाकू बाजाराला जाणाऱ्या बायकांच्या होडीत टोपली घेऊन चढली.

बाप अंगणात कोनफळं भाजत बसला होता. तिने पाणीसुद्धा न पिता विचारलं, "बा, तू नदी विकलीस?"

"मी? नदी काय बोकड आहे?" न्वोकेदी म्हणाला. "साहेब आला, त्याने टोपी दिली, कापड दिलं. दुभाष्या म्हणाला, दोस्तीचा कागद आहे, काठावर वखार घालू द्या. मी फुली मारली. पाहुण्याला चटई टाकून दिली म्हणून घर त्याचं होतं का गं?"

"त्यांच्यात होत असेल."

दुसऱ्या दिवशी ती टोपी घेऊन म्हातारा वखारीवर गेला. अदाकूही बरोबर गेली. साहेब तरुण होता, वागायला सभ्य. त्याने कागद काढून वाचला आणि दुभाष्याने सांगितलं, सगळा मुलूख, कायमचा.

"कायमचा म्हणजे?" न्वोकेदीने विचारलं.

"पणतवंडांच्या पणतवंडांपर्यंत."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

दुभाष्या खाली बघत म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत, काका."

न्वोकेदीने टोपी मेजावर ठेवली. "ही घ्या. माझी फुली परत द्या."

साहेब हसला. टोपी भेट होती, ती तुमचीच, असं त्याने कळवलं. कागद मात्र कंपनीचा. आणि तेल नेंबेकडे गेलं तर आगबोट तोफ घेऊन येईल, तेही सांगितलं. टोपी तिथेच टाकून म्हातारा निघाला. वाटेत त्याचा पाय दोनदा घसरला. अदाकूने हात धरला तर त्याने झिडकारला.

आठवड्याने पेरेकेमे आडखाडीतून, तिवरांतून वाट काढत आला. "मामा, जावयाला परकं करून मोकळे झालात!" तो दारातूनच ओरडला. न्वोकेदीने मुलांना हाक मारली आणि सगळी पिंपं जावयाच्या होडीत चढवली. वर कोनफळं रचली, कारण नेंबेच्या खाऱ्या चिखलात काही पिकत नाही.

आगबोटीने होडी खाडीच्या तोंडाशी गाठली. तेल जप्त झालं. कोनफळं शिपायांनी पाण्यात लोटली. न्वोकेदीच्या गावाला दंड बसला आणि तेलाचा भाव कंपनीने पाडला. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. घ्या नाहीतर ठेवा.

नेंबेत त्या वर्षी लोक उपाशी राहिले. माहेरीच राहिलेल्या अदाकूने नवऱ्याला निरोप धाडला, "इकडे या. माझ्या घरात राहिलात तर तुम्हीही रयत व्हाल, परवाना नको."

त्याचं उत्तर आलं: "माझ्या आजाच्या चाळीस वल्ह्यांच्या होड्या होत्या. मी घरजावई होऊ?"

मग नेंबेच्या लोकांनी बंदुका काढल्या आणि कंपनीची वखार लुटली. पेरेकेमेही गेला होता. पुढच्याच महिन्यात राणीची लढाऊ गलबतं आली आणि नेंबे जळालं.

पेरेकेमे आला तो एका फुटक्या होडीतून, म्हाताऱ्या आईला घेऊन. काठावर उतरला, पण घराकडे पाऊल टाकेना. न्वोकेदी स्वतः खाली गेला. त्याने विहिणीला हात देऊन उतरवलं आणि जावयाला म्हणाला, "चल. चूल मोठी आहे."

"मामा, मी तुमच्यावर ओरडलो होतो."

"ओरडायलाच हवं होतं. मीही रोज स्वतःवर ओरडतो."

पेरेकेमे राहिला. पामची फळं उकडायला, कुटायला शिकला. कंपनीच्या भावाने तेल मोजून द्यायला मात्र तो वखारीवर कधी गेला नाही. ते काम अदाकूने अंगावर घेतलं. साहेबाने एकदा विचारलं, तुझा नवरा कुठला?

"इथलाच," ती म्हणाली आणि पिंप पुढे सरकवलं.