पाठ झालेले आकडे

मी एक जुनी पुस्तिका आहे. मित्रांनो, माझ्यात गोष्टी नाहीत. माझ्या पानापानावर रंगीत ठिपके आहेत आणि त्यांत एकेक आकडा लपलेला आहे. ज्याला रंग नीट ओळखता येतात, त्याला तो दिसतो. ज्याला दिसत नाही, त्याची वैमानिक होण्याची वाट तिथेच अडते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला आणलं, तेव्हा माझी मोठी बडदास्त होती. मी काळ्या पिशवीत राहत असे. आकडा गिरवायला मऊ ब्रश होता, कारण बोटांनी माझे रंग खराब होतात. पुढे ब्रश हरवला. पिशवी चष्मे पुसायला गेली आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर आले. माझी शिवण सैल झाली होती, त्यामुळे मधली पानं आपोआप उघडत आणि दुपारभर ऊन खात. वाहनचालकांना पहिली दोन पानं दाखवली की भागे. मधली पानं लागत ती फक्त वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना, आणि असं वर्षाकाठी एखादंच कुणी येई. डॉक्टरांना सगळे आकडे तोंडपाठ होते. ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत. याचा मला तेव्हा अभिमान वाटे, आता लाज वाटते.

एके दिवशी एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आले. खुर्चीत बसल्यावरही दोघांचा वाद संपला नव्हता.

"अजून सांगतो, विमान चालवायला छोट्या क्लबात शीक. नोकरी करत एकेक परवाना काढ. दमानं होईल."

"बाबा, त्यात सहा-सात वर्षं जातील. अकादमीत दोन वर्षांत सगळं होतं. जागा मिळालीय, सोमवारपर्यंत फक्त डोळ्यांचा दाखला द्यायचाय. आणि कॉलेजचा प्रवेश मी कालच रद्द केलाय."

डॉक्टरांनी मला तिच्यासमोर धरलं.

पहिली दोन पानं तिने घडाघडा वाचली. मग मधली पानं आली.

"नुसते ठिपके दिसतायत," ती म्हणाली.

"नीट बघ," डॉक्टर म्हणाले.

तिने पुन्हा पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की पोरी, तुझ्या डोळ्यांत खोट नाही, माझाच रंग उडालाय. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पण मला तोंड नव्हतं.

"डॉक्टर, कापडाला दोरा हीच जुळवून देते मला," वडील म्हणाले. "दुसरं पुस्तक नाही का?"

"इतकी वर्षं हेच वापरतोय. पुस्तकाला काय होणार?"

"आपण दुसरीकडे दाखवू," वडील म्हणाले.

"नको बाबा. माझ्यामुळे विमान पडायला नको."

ती गेली. अकादमीतली तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

दोन वर्षांनी डॉक्टरांच्या सुनेने दवाखाना हाती घेतला. तिने नवी पुस्तिका आणली आणि माझ्याशेजारी उघडून ठेवली. मग मला सासऱ्यांसमोर धरलं.

"चौऱ्याहत्तर," ते लगेच म्हणाले.

"बाबा, पाठ म्हणू नका. वाचा."

त्यांनी चष्मा लावला. त्यांनाही माझ्या पानावर नुसते ठिपकेच दिसले. मग स्वतः उठून त्यांनी त्या मुलीचा कागद शोधला आणि फोन केला.

ती आली. नव्या पुस्तिकेतली सगळी पानं तिने अचूक वाचली, पण प्रत्येक आकड्यानंतर ती थांबे आणि विचारी, "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "चूक माझी होती. क्लबची वाट अजून मोकळी आहे."

"नक्की ना? मला दिसतंय ना?"

मी फळीवर पडून ऐकत होते. तिला हो म्हणायचा सर्वात मोठा हक्क माझा होता आणि मलाच ते म्हणता येत नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, झाकून ठेवा. आम्ही बिघडलो तरी आम्हाला सांगता येत नाही. म्हणून कुणी "मला दिसत नाही" म्हणालं, तर त्याचं मन मोडण्याआधी एकदा आम्हाला तपासा.