पहिलीचं ताट

दिशाने ‘कालक्रम’ नावाची चौकट माउसने उचलली, पानाच्या उजव्या अंगाला ओढत नेली आणि सोडली. चौकट तिथे अलगद बसली.

“आणि देवीचा फोटो?” नवसाबाईंनी विचारलं.

“तो सगळ्यांच्या वर.”

“मग ठीक हाय. माणसं वर अन् देवी खाली, असं नको.”

“आज्जी, तू म्हणशील तसं मांडू. हे सगळं सरकवता येतं. विजेट म्हणतात यांना. एक काढायची, दुसरी लावायची.”

“म्हणजे देव्हाऱ्यातले टाक मांडल्यासारखं.”

“तसंच. फक्त घासावे लागत नाहीत.”

दोघी हसल्या. मखमलाबादच्या मळ्यातलं हे घर आता सिमेंटचं होतं आणि पडवीत कॉम्प्युटर आला होता. दिवाळीनंतर कुळातली तीनेकशे माणसं एकत्र जमणार होती. २००९ साल, तेव्हा नुसत्या छापील पुस्तिकेवर भागण्यासारखं नव्हतं. नाशिक रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या नातीने कुळाची वेबसाइट करायची ठरवली आणि नावं सांगायला आजीला शेजारी बसवलं. कोणती लेक कुठे दिली, मनमाडचे चुलते रेल्वेत कधी लागले, गोदेला मोठा पूर आला त्या वर्षी कोण पाळण्यात होतं, नवसाबाईंना सगळं तोंडपाठ. जे त्यांच्याही आधीचं होतं, ते दिशाने पंचवटीत जाऊन, कुळाच्या उपाध्यायांच्या वहीच्या पानांचे फोटो काढून आणलं होतं. पिढ्यान्पिढ्या जो कोणी रामकुंडावर अस्थी घेऊन गेला, त्याची त्या वहीत नोंद आणि सही होती. दोन दिवस बसून तिने ते सगळं टाइप केलं. आता चौकट त्यातली सालं उचलून आपोआप ओळीने लावत होती.

“हे उलटं लागलंय,” दिशा म्हणाली.

“काय गं?”

“बघ ना. मे १९५४, खंडेराव आणि नवसाबाई यांचा विवाह. आणि त्याच्या खाली एप्रिल १९५५, खंडेराव यांच्या प्रथम पत्नी चिमणाबाई, अस्थिविसर्जन.”

तिने क्रम बदलून पाहिला. यादी वरची खाली झाली, चालू साल माथ्यावर आलं, पण चिमणाबाईंचं साल काही लग्नाच्या आधीचं होईना.

“त्या तुझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या ना?”

“वर्षभर आधी. मला बिजवरालाच दिली होती.”

“मग माझंच टाइप करताना चुकलं.” दिशाने वहीच्या पानाचा फोटो उघडला आणि मोठा केला. “‘चैत्र वद्य पंचमी, शके अठराशे सत्त्याहत्तर. खंडेराव, राहणार मखमलाबाद, प्रथम पत्नी चिमणाबाई हिच्या अस्थी घेऊन आले. सोबत मातोश्री.’ म्हणजे पंचावन्नच. बरोबर आहे माझं.” मग ती पडद्याजवळ वाकली. “पुढे बारीक अक्षरात काहीतरी आहे. ‘तिथी नक्की नाही.’ आज्जी, घरातलं माणूस वारलं आणि तिथी नक्की नाही, असं कसं?”

नवसाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. खालची सही त्यांनी पन्नास वर्षं पाहिली होती. ‘खं’वरचं टिंब खंडेराव नेहमी पेन दाबून द्यायचे.

त्या चैत्रात एका दुपारी ते नाशिकहून परतले, ते डोकं आणि मिशी उतरवून. गडावरचा नवस फेडला, म्हणाले. तेव्हाच्या कोवळ्या नवसाबाईने डोक्यावरून हात फिरवून थट्टा केली होती. ते हसले नव्हते.

ती सोळा वर्षांची असताना या मळ्यात आली. पहिल्याच दिवशी सासूने सांगितलं, रोज तिन्हीसांजेला पहिलीचं ताट वाढायचं, आपण जेवायच्या आधी. जर्मनचं ताट, त्यात घरात असेल ते, वर तांब्याभर पाणी, मळ्याच्या शेवटच्या बांधावर उंबराखाली ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. सवतीचा आत्मा शांत राहतो. नाल्यापलीकडे एक खोप होती. तिथे महारोगी राहतो, नाला ओलांडायचा नाही, हेही सांगितलं होतं. तिने कधी ओलांडला नाही. सकाळी जाऊन ताट आणायचं. ताट नेहमी रिकामं असायचं.

“कुत्रं खातं,” सासू म्हणायची.

ताट धुतलेलं असायचं, आणि दगडावर उपडं घातलेलं.

नवसाबाईंचे हात मांडीवर होते. एका हाताने त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट धरलं.

लग्नानंतरच्या चैत्रात सासू आणि खंडेराव वणीच्या गडावर गेले. नवमी ते पौर्णिमा. घरी ती आणि डोळ्यांनी गेलेले सासरे. निघताना सासू बैलगाडीतून दोनदा म्हणाली, ताट चुकवू नको. सुनेला तिसरा महिना होता. शेजारच्या मळ्यातली भागीबाई त्या संध्याकाळी बांधावरच भेटली.

“अगं, येडी का खुळी तू? पोटुशी बाई सवतीच्या ताटाला हात लावते व्हय? पोर ओढून नेईल ती!”

ती तशीच माघारी वळली. त्या दिवशी ताट ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कोणत्याच दिवशी नाही.

“ताट ठेवलंस ना गं रोज?” परत आल्यावर सासूने विचारलं.

“ठेवलं.”

सासू एकटीच बांधाकडे गेली. बऱ्याच वेळाने आली ती सरळ विहिरीवर, आणि अंगावरच्या लुगड्यानिशी आंघोळ करून घरात शिरली. दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी खोप पेटवली. रोगी निघून गेला, म्हणाले. आणि सासू म्हणाली, आता ताट नको. तिला केवढं हायसं वाटलं होतं.

पुढे बावीस वर्षं सासू त्याच घरात होती. कधी वाकडा शब्द बोलली नाही. पण त्या चैत्रानंतर तिने सुनेच्या हातचं वाढून घेतलं नाही. चुलीशी जाऊन स्वतःचं स्वतः घ्यायची. सोवळ्याची हौस असेल म्हातारीला, असंच नवसाबाई समजत आल्या होत्या.

“आज्जी? ऐकतेस ना?” दिशा म्हणत होती. “मी काय म्हणते, उपाध्यायांचीच चूक असेल. ही चौकटच काढून टाकू का? पान सुटसुटीत दिसेल. नाहीतर संमेलनात शंभर जण विचारतील.”

“काढली तर कुठं जाती ती?”

“कुठेच नाही. आत बाजूला पडून राहते. कोणाला दिसत नाही, एवढंच.”

नवसाबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

“नको काढू,” त्या म्हणाल्या. “राहू दे बाहेर.”

“बरं. मग चिमणाबाईंचं पानही आत्ताच करून टाकू.” दिशाने नवा फॉर्म उघडला. “पण निधनाची तारीख भरल्याशिवाय हे पुढे जाऊ देत नाही.”

“चैत्र. नवमी ते पौर्णिमा.”

“त्यातली कुठली?”

“ते तिलाच ठाऊक.”

दिशाने मान वळवून आजीकडे पाहिलं. आजीची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

“बरं, पौर्णिमेची घालते,” ती जरा हळू आवाजात म्हणाली. “खाली ‘माहिती देणार’ असा रकाना आहे. उपाध्यायांचं नाव घालू?”

“माझं घाल.”

दिशाने नाव टाइप केलं. “नातं विचारतंय. सवत असं लिहायला कसंतरीच वाटतं गं.”

“नको लिहू ते. तिचं जेवण माझ्याकडं होतं, असं लिही.”