एकविसावं पान

मोठ्या बाईंच्या शाळेत एक नियम होता, आणि तो बाईंनी स्वतः केलेला असल्यामुळे मोडायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती. पहिली ते चौथी, प्रत्येक मुलानं वर्षातून तीनदा ऑफिसात एकट्यानं यायचं, बाईंच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि एक पान वाचून दाखवायचं. पान ठरलेलं. एका जुन्या गोष्टीच्या पुस्तकातलं एकविसावं. टेकडीवरची पवनचक्की एके दिवशी फिरायची थांबते, अशी गोष्ट होती. माप एकच हवं, नाहीतर कोण किती वाढलं ते कळणार कसं, असं बाईंचं म्हणणं. पोराची उंची आज दारापाशी मोजायची आणि उद्या खिडकीपाशी, असं चालतं का?

अकरा वर्षं बाईंनी ते पान ऐकलं होतं. ऑफिसच्या भिंतीवर मोठा तक्ता होता, त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाची शिडी. वाचन सुधारलं की खूण एक पायरी वर. पाहुणे आले की बाई आधी त्या तक्त्यापाशी न्यायच्या आणि मग चहा विचारायच्या.

त्या तक्त्यावर सगळ्यात वरच्या पायरीवर होती चौथीतली रेडिओ. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण शाळेत तिला खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिनंच मागे वळून पाहिलं असतं, कुणाला बोलावताहेत म्हणून. एकदा ऐकलं की पोरीचं पाठ. सकाळच्या सूचना तीच सांगणार, कार्यक्रमात आभार तीच मानणार, आणि वर सरांची नक्कल अशी करणार की सर स्वतःच हसून हसून बेजार. लेखी परीक्षेत मात्र बोंब, तोंडीच्या गुणांवर जेमतेम काठावर पास. सर म्हणायचे, "पोरगी हुशार आहे हो, पण लिहायचा कंटाळा." सगळ्यांना पटायचं. मोठ्या बाईंनाही.

सुट्टी लागायला तीन महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. वर्षातलं शेवटचं वाचन चालू होतं. हजेरीत रेडिओचा नंबर शेवटचा, त्यामुळे ती नेहमीसारखी दाराबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलेली. तिच्या आधीच्या मुलाचं वाचन संपलं आणि त्या पानाचं प्लास्टिकचं वेष्टण एकदाचं फाटलं, पानही मधोमध चिरलं. बाईंनी शिपाईमामांना पिटाळलं, "पळा मामा, कोपऱ्यावरून याची झेरॉक्स काढून आणा." मामा धापा टाकत आले आणि नवा कोरा कागद रेडिओच्या हातात दिला.

रेडिओनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि सुरुवात केली, "टेकडीवर एक पवनचक्की होती. वारा आला की ती गरगर फिरायची..." काय तो आवाज, काय ती थांबण्याची ढब! बाई एकीकडे दाखल्यांवर सह्या करत होत्या, ओठ आपोआप हलत होते. पोरगी थांबली, बाईंनी वहीत 'उत्तम' लिहिलं, शाबासकी दिली. रेडिओ कागद टेबलावर ठेवून उड्या मारत गेली.

कागद फाइलला लावायला बाईंनी उचलला आणि नजर पहिल्या ओळीवर पडली. 'विहिरीत एक म्हातारं कासव राहत होतं.'

मामांनी पानाची दुसरी बाजू काढून आणली होती. बाविसावं पान.

बाईंनी मामांवर ओरडायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कारण त्या कागदावर पवनचक्की कुठेच नव्हती.

रेडिओला परत बोलावलं. "बेटा, यात पवनचक्की कुठे लिहिलंय? बोट ठेव बरं."

रेडिओनं कागदाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बाईंकडे. बोट हवेत फिरलं, पण कागदावर काही टेकलं नाही. सुटी अक्षरं तिला येत होती, दोन जोडून शब्द करता येत नव्हता. दुसरीत या शाळेत आल्यापासून तीन वर्षं बाहेरच्या बाकावर बसून तिनं तीस तीस पोरांचं वाचन ऐकलं होतं. पान पाठ. आणि बाईंचंही पाठ, म्हणून बाईंनीही कधी मान वर केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मधल्या सुट्टीत चौथीचे सर ऑफिसात आले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "बाई, तीन महिन्यांनी ती मोठ्या शाळेत जाणार. आता कशाला गावभर करायचं? अळीमिळी गुपचिळी. ते बघून घेतील तिथे."

"काय बघून घेतील?" बाई कडाडल्या. "तिथे एकेका वर्गात साठ पोरं! तिथे ती कुणासमोर एकटी उभी राहणार आहे, सांगा ना! एकटीला ऐकून घ्यायची सोय फक्त आपल्याकडे होती, आणि आपण काय ऐकलं? इथून न वाचता गेली की ती गेलीच, सर. जन्मभर लोकांचं ऐकून मान डोलवत बसेल."

"तीन महिन्यांत काय होणार, बाई?"

"तीन महिन्यांत तीन महिन्यांचं होईल," बाई म्हणाल्या. टेबलावरचं एकविसावं पान त्यांनी सरांच्या देखतच टराटरा फाडलं. मग खुर्चीवर चढून भिंतीवरचा तक्ता खाली उतरवला. सर खुर्ची धरून उभे राहिले, दुसरं करणार काय?

त्या आठवड्यात बाईंनी सगळ्या शाळेला नवीन पानं दिली आणि प्रत्येक ओळीवर स्वतःचं बोट ठेवून ऐकलं. आणखी चार पोरं सापडली, तिघं दुसरीतली, एक तिसरीतलं. त्यांच्या हातात वेळ होता. रेडिओच्या हातात नव्हता.

रोज प्रार्थना झाली की रेडिओनं ऑफिसात यायचं आणि वीस मिनिटं बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसायचं. रोज नवा कागद. आजचा कागद उद्या नाही, कारण उद्यापर्यंत तो पाठ झालेला असायचा! मामांनी आपली चूक फारच मनावर घेतली होती. दिसेल तो कागद ते खिशात घालून आणायचे, कधी साबणाचं वेष्टण, कधी औषधाच्या खोक्यातलं घडीचं माहितीपत्रक, कधी कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराची जाहिरात. सगळ्या शाळेला बाईंनी ताकीद देऊन ठेवली होती, हिच्यापुढे कुणीही काही मोठ्यानं वाचायचं नाही, आणि सकाळच्या सूचना काही दिवस दुसरं कुणीतरी सांगेल.

पण बाईंना घाई फार. पोरगी एका शब्दाशी अडली की दोन क्षणांत बाईच शब्द सांगून मोकळ्या. सांगितला की तो पाठ. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मामाच दारातून म्हणाले, "बाई, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुम्ही जरा गप्प बसाल का?" बाईंनी डोळे वटारले. पण दुसऱ्या दिवसापासून रेडिओ वाचायला लागली की त्या स्वतःचा हात तोंडावर ठेवून बसायला लागल्या.

दीड महिन्यानं रेडिओ शाळेत आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वर्गात कुणीतरी बोललं होतं, "रेडिओचे सेल गेले!" आणि अख्खा वर्ग हसला होता.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई तडक लाँड्रीत गेल्या. रेडिओची आई तिथे इस्त्री करायची. छताला टांगलेले शर्ट, वाफेचा वास, आणि टेबलामागे ती, केसांची बट घामानं कपाळाला चिकटलेली. बाईंना पाहून तिनं इस्त्री उभी करून ठेवली. पण बसा म्हणाली नाही.

"पोरगी का येत नाही?" बाईंनी विचारलं.

"कशी येईल, बाई? पोरं चिडवतात. तीन वर्षं तुम्ही तिला उत्तम दिलंत. मी ते प्रगतिपुस्तक घेऊन इथल्या प्रत्येकाला दाखवत फिरले. आणि आता म्हणता तिला वाचताच येत नाही! खोटारडी कोण ठरली? माझी मुलगी."

बाईंना चटका बसला, आणि तो इस्त्रीचा नव्हता. दीड महिना त्यांनी कागद आणले, हात तोंडावर ठेवला, सगळं सगळं केलं. पण चूक माझी, एवढं त्या पोरीला एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी कागद बघितलाच नाही. एकदाही नाही."

टांगलेल्या शर्टांमागून आवाज आला, "मग हे सगळ्यांना सांगा ना!" रेडिओ बाहेर आली. नाक लाल, डोळे सुजलेले, पण मान ताठ. "मला एकटीला सांगून काय उपयोग? सगळ्यांना वाटतं मीच फसवलं."

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात का!" आई दटावायला गेली.

"बोलू दे," बाई म्हणाल्या. "बरोबर बोलतेय. सांगीन, सगळ्यांसमोर सांगीन. चौथीच्या निरोपाच्या कार्यक्रमात. मी लिहून आणीन, अगदी खरं खरं. पण वाचायचं तू."

रेडिओनं गालावरचं पाणी बाहीनं पुसलं. मग म्हणाली, "आधी मला दाखवायचं नाही. वाचूनही दाखवायचं नाही. नाहीतर पाठ होऊन जातं, मला आवरतच नाही!"

आईला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही.

मग पुढचा दीड महिना जो काही गेला! वीस मिनिटांची चाळीस झाली. कधी एका ओळीला पाच मिनिटं, कधी रागानं कागद भिरकावून दिलेला, आणि मामा तो गुपचूप उचलून पुन्हा टेबलावर ठेवताहेत. "मला नाही येणार!" असं ती रोज म्हणायची, आणि बाई रोज म्हणायच्या, "बरं. पुढचा शब्द." एकदा मांजराची जाहिरात पुरी वाचून झाल्यावर पोरगी दचकून म्हणाली, "बाई, याचा एक कान तुटलेला आहे! मी पाहिलंय हे मांजर, लाँड्रीच्या मागे बसतं!" आणि खरंच, मांजर सापडलं. मामांनी ही बातमी शाळाभर केली. त्यानंतर वर्गात कुणी सेलबिल काढले नाहीत.

निरोपाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. आई कामावरून तशीच आली होती आणि मागे भिंतीला टेकून उभी होती. सरांनी नाव पुकारलं. मोठ्या बाईंनी घडी घातलेला कागद रेडिओच्या हातात दिला.

तिनं घडी उघडली. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"मी... ही शाळा... अठरा वर्षं... चाल... चालवते."

रेडिओचं बोलणं म्हणजे धबधबा, हे सगळ्यांना ठाऊक. हे असं एकेक पाऊल टाकणं लोकांना कळेना. पुढच्या रांगेत दोघं खुसपुसले. सरांनी तिकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी गप्प.

"माझ्यासमोर... एका मुलीनं... तीन वर्षं... पान... म्हणून दाखवलं. मी... कागदाकडे... पाहिलं नाही. मी... नुसतं ऐकलं... आणि... उत्तम लिहिलं."

रेडिओनं मान वर केली. बाई व्यासपीठाच्या कडेला उभ्या होत्या, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी मान खाली घातली नाही. फक्त बोटानं खुणावलं, पुढची ओळ.

"ती... चूक... माझी होती. तिची..."

आणि ती अडली. बोट शब्दाखाली, ओठ मिटलेले. एक क्षण, दोन, दहा. कुणालाही सांगता आला असता तो शब्द. मामा दारात कासावीस झाले होते. बाईंनी हात तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शब्द त्यांनी सांगितला नाही.

"न... नव्... नव्हती," रेडिओ म्हणाली. मग सगळं एकदम, मोठ्यानं, "तिची नव्हती!"

शेवटची ओळ तिनं आधी मनात वाचली. सगळ्यांनी पाहिलं, तिचे ओठ हलले नाहीत, डोळेच फिरले. मग ती मागच्या भिंतीकडे, आईकडे बघत म्हणाली, "ती मुलगी आत्ता तुमच्यासमोर वाचते आहे."

टाळ्या वाजल्या. आई दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. बाई पुढे झाल्या, पोरीला जवळ घ्यायला.

"थांबा, बाई," रेडिओ म्हणाली. तिनं कागद उलटा केला आणि मागची बाजू वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. काही नव्हतं तिथे, कोरीच होती. मग कुठे तिनं घडी घातली.